सांगलीच्या काकांना, ज्यांनी मला राइट्स दिले

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार. फोनवर तुम्ही मला आभार मानूच दिले नाहीत. ‘पेपर तू दिलास, मी काय केलं?’ एवढं बोलून फोन काकूंच्या हातात दिलात. म्हणून हे इथे, चारचौघांत लिहितेय. आता मध्येच फोन कुणाला देता येणार नाही, पूर्ण वाचावंच लागेल.

एझेड-८०० पास झाले. हजारात सातशेची रेघ असते, ती ओलांडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही मायक्रोसॉफ्टची विंडोज सर्व्हरची परीक्षा, आणि तिचा सगळ्यात मोठा हिस्सा ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (कंपनीतली माणसं, कॉम्प्युटर आणि कुणाला काय उघडता येतं ह्याची मध्यवर्ती नोंदवही), म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. अनेकांची गाडी तिथेच अडते. माझी तर सुरूच होत नव्हती.

पुण्यातल्या ज्या क्लासला मी आधी पैसे भरले, त्याचं नाव घेत नाही. बाहेर ‘शंभर टक्के पास’ असा बोर्ड, आत कुठून तरी आणलेल्या डम्पची, म्हणजे फुटलेल्या प्रश्नोत्तरांची पीडीएफ. ‘ह्याचं उत्तर सी, पाठ करा.’ सी का, असं विचारलं की, ‘मॅडम, जॉब हवाय की पीएचडी?’ आणि सगळा वर्ग हसायचा. लॅबमध्ये सर्व्हर एकच, त्याचा पासवर्ड फक्त सरांकडे. सर्व्हर सांभाळायची परीक्षा, आणि आम्ही भिंतीवरच्या प्रोजेक्टरकडे बघत बसायचो.

ऑफिसात तरी काय? हेल्पडेस्कवर माझ्याकडे अधिकार दोनच, पासवर्ड रीसेट करणं आणि लॉक झालेलं अकाउंट उघडणं. ह्यात गैर काही नाही. चालू सिस्टिममध्ये ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यावं, हे तुम्हीच मला नंतर पटवून दिलंत. पण काही विचारायला गेलं की ‘तू तिकीट बंद कर, आतलं आम्ही बघतो’ हे ज्या तऱ्हेनं सांगायचे, ते लागायचं. आपण दाराबाहेरच बसायचं असतं, असं मलाही वाटायला लागलं होतं.

तुमची ओळख झाली ती तुमच्या लेकीमुळे. रूमवर माझी कुरकुर ऐकून ती म्हणाली, ‘बाबांशी बोल, ते बँकेच्या ईडीपीत, म्हणजे कॉम्प्युटर विभागात होते, त्यांना हेच वेड आहे.’ मला वाटलं, चार पुस्तकांची नावं सांगाल. तुम्ही विचारलंत, ‘घरी नेट बरं आहे का तुझ्या?’

काका, मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. तुमच्या घरच्या लॅबला, म्हणजे सरावाच्या सर्व्हरना, बाहेरून जोडून घेतलं आणि कन्सोल उघडला. दोन डोमेन कंट्रोलर (ही नोंदवही सांभाळणारे आणि एकमेकांशी जुळवून ठेवणारे सर्व्हर), एकाचं नाव हळद, दुसऱ्याचं बेदाणा. सांगलीकर शोभता. आणि खाली एक नवीन ओयू, म्हणजे नोंदवहीतला एक कप्पा, त्याला माझं नाव. तुम्ही आदल्या रात्री तो बनवून त्याचा पूर्ण कंट्रोल माझ्या अकाउंटला डेलिगेट केला होता, म्हणजे सगळे राइट्स माझ्याकडे. मी विचारलं, ‘काका, माझ्याकडून काही मोडलं तर?’ तुम्ही म्हणालात, ‘मोड की. बॅकअप आहे.’

तुम्हाला हे पाच मिनिटांचं काम. उजवं क्लिक, विझार्ड, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. पण तोवर कुठल्याही कॉम्प्युटरवर कुणी मला ‘मोड’ असं म्हटलं नव्हतं. त्या रात्री मी उगाचच तिथे वीसेक खोटी माणसं भरती केली, त्यांना खाती दिली, बदल्या केल्या. झोप आली नाही.

पुढे तुम्हीच तो ओयू डिलीट करायला लावलात. अपघाती डिलीट होऊ नये म्हणून असलेली खूण काढायला लावून, रिसायकल बिन मुद्दाम बंद ठेवून. मग हळदवर बॅकअप चढवला. माझी माणसं परत दिसली, मी खूश. थोड्या वेळानं बघते तर बेदाणानं ती पुन्हा पुसलेली! तुम्ही पलीकडे खो खो हसत होतात. बेदाणाच्या लेखी डिलीटच ताजं होतं, बॅकअप शिळा. ऑथॉरिटेटिव्ह रिस्टोअर (‘बॅकअपमधलंच खरं धरा’ असं बाकीच्या सर्व्हरना सांगणं) करताना नोंदींचे व्हर्जन नंबर लाखाच्या पटीत का वाढवतात, हे मला कुठलीही पीडीएफ शिकवू शकली नसती. पेपरात काय आलं ते सांगता येत नाही, परीक्षेचा तसा करार असतो (डम्प विकणाऱ्यांना तो वाचता येत नसावा), पण मला पाठ केलेलं काही आठवावं लागलं नाही.

फिस्मोच्या पाच रोलवर (जी कामं एका वेळी एकाच डोमेन कंट्रोलरनं करायची असतात) मी अडले होते, तेव्हा तुम्ही तलाठ्याचं दप्तर काढलंत. नोंदी ज्या त्या सज्जात रोज होत असतात, पण सातबाऱ्याचा नमुनाच बदलायचा तर कुणीही उठून बदलू शकत नाही, ते वर एकाच ठिकाणी ठरतं. डिरेक्टरीत ते ठिकाण म्हणजे स्कीमा मास्टर. बाकीचे चार मी मग स्वतःच लावत गेले.

आणि लाइट गेली की तुमची ती घानाची गोष्ट! २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसनं मर्स्क ह्या जहाज कंपनीचे जगभरचे डोमेन कंट्रोलर पुसून टाकले, आपल्या न्हावा शेव्याचं टर्मिनलही अडकलं, आणि वाचला तो एकच, घानामधला, कारण नेमकी तिथे वीज गेली होती. ‘म्हणून महावितरणला शिव्या द्यायच्या नाहीत,’ हे वर.

एकदा ऑफिसात एका लॅपटॉपवर शेअर्ड फोल्डर उघडेना. आमच्याकडचे जाणते पुन्हा पुन्हा पासवर्ड बदलून बघत होते. मी तुमच्यासारखंच विचारलं, ‘घड्याळ बघितलं का?’ ते बरंच मागे होतं. केर्बेरॉसला, म्हणजे डोमेनमध्ये ओळख तपासणाऱ्या पद्धतीला, मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपलीकडचा फरक चालत नाही. त्या दिवसापासून ‘आतलं’ थोडंथोडं मलाही दाखवू लागलेत.

नॉवेल कंपनीच्या नेटवेअर ४ ह्या सर्व्हर सिस्टिमसोबत १९९३ मध्ये आलेल्या डिरेक्टरीवर तुम्ही हात बसवलात, २००० मध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरी आल्यावर सगळं परत शिकलात, आणि निवृत्तीनंतरही रात्री जागून कुणाच्या तरी लेकीला शिकवता. अशी माणसं गावोगावी असतील, सहकारी बँकांतून, कारखान्यांतून बाहेर पडलेली. त्यांना कुणी विचारत नाही, आणि ती स्वतःहून बोर्ड लावत नाहीत. फी विचारली तर तुम्ही चिडलात. मला तर वाटतं, हा चांगुलपणा मी ज्यांना पैसे मोजले त्यांच्याकडे चार आण्याचा असता तरी पुरला असता.

सर्टिफिकेट हातात यायला अजून एझेड-८०१ बाकी आहे. त्यात रिकव्हरी आहे, मायग्रेशन आहे, म्हणजे तुमची झोप अजून मोडणार. पुढच्या रविवारी सांगलीला येतेय. बेदाणाच्या यूपीएसची बॅटरी मी आणतेय, पैशांचा विषय काढायचा नाही. मॉडेल नंबर तेवढा काकूंकडून पाठवा, तुम्हाला विचारलं तर तुम्ही ‘राहू दे’ म्हणाल.

तुमची,
हेल्पडेस्कवाली