गजकर्णावरील मलमांची मुक्त विक्री थांबवा

मा. संपादक,

पावसाळा लागला की गोव्यात गजकर्ण, चिखल्या आणि खरजेचे दिवस सुरू होतात. दोरीवरचे कपडे चार दिवस ओलसरच राहतात, लावणीला गेलेल्यांचे पाय दिवसभर चिखलात असतात आणि कारखान्यांत पाळीवर जाणारी मुले बंद बूट व घट्ट जीन्समध्ये आठ-आठ तास उभी असतात. अशा हवेत बुरशी वाढली तर नवल नाही. नवल आहे ते फार्मसीच्या काउंटरवर न विचारता मिळणाऱ्या तिच्या उपचाराचे.

या व्यवसायात उमेदीची वर्षे घालवल्यामुळे हे लिहितो आहे. ‘खाजेचे मलम द्या’ म्हणणाऱ्याच्या हाती बहुधा जी ट्यूब पडते, तिच्यात बुरशीनाशक, जंतुनाशक आणि क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखे स्टेरॉइड अशी खिचडी असते. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असून त्यांत केराटिन हे प्रथिन ठासून भरलेले असते; तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत सरकत साधारणपणे महिन्याभरात गळून पडते. गजकर्णाची बुरशी या केराटिनवरच जगते. शरीर तिला प्रतिकार करते म्हणून जागा लाल होते, खाजते आणि वर्तुळाची कडा उंच, खवलेदार दिसते. स्टेरॉइड नेमका हा प्रतिकार दाबून टाकते. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो आणि बुरशी आतल्या आत निर्वेध पसरत राहते. पुढे कडा इतकी पुसट होते की त्वचारोगतज्ज्ञालाही खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. वरच्या थराखालील अंतस्त्वचेत कोलॅजनचे तंतू असतात, त्यांच्यावर त्वचेची ताकद अवलंबून असते. स्टेरॉइड हे तंतूही कमकुवत करते. जांघेत महिनोन्‌महिने असे मलम चोळणाऱ्या तरुणांच्या मांड्यांवर बोटभर रुंदीचे जांभळट चट्टे पडलेले मी पाहिले आहेत; ते पुढे फिकट होतात, पण पुरते जात नाहीत. चेहऱ्याची त्वचा मुळातच पातळ असते. तिथे गोरेपणासाठी हीच मलमे लावली जातात (हा वेडेपणा वेगळ्या पत्राचा विषय आहे) आणि मग मुरमे, लालसरपणा व उन्हाची आग मागे लागते.

खरजेचे तर मूळच वेगळे. सूक्ष्म किडा त्वचेत बीळ करून अंडी घालतो, रात्री खाज वाढते आणि घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावल्याशिवाय ती जात नाही. तिच्यावरही तीच ट्यूब दिली जाते. बधिर झालेला फिकट चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो, त्यावर मलम चोळत बसणे म्हणजे उपचाराचा मोलाचा काळ वाया घालवणे होय.

केंद्र सरकारने 2018 साली अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची एचमध्ये आणली, म्हणजेच डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम आहे, अंमल नाही. अन्न व औषध प्रशासनाने निदान पावसाळ्यात तरी फार्मसींची अचानक तपासणी करावी आणि आरोग्य खात्याने तालुक्यांच्या आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक दिवस त्वचारोगतज्ज्ञ उपलब्ध करून द्यावा. सत्तरी किंवा काणकोणातील मजुराला रोजंदारी बुडवून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जाणे परवडत नाही. म्हणूनच तो काउंटरवरच्या ट्यूबकडे वळतो.

— एक निवृत्त फार्मासिस्ट, डिचोली