आजींच्या नाकातल्या फवाऱ्याबद्दल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल शनिवारी मिळालं. आजींनी ते दारातच फोडायला लावलं. स्वेटर अगदी मापात बसला, बाह्यासुद्धा. खाली कागदात गुंडाळलेली ती निळी बाटली आणि तुझी चिठ्ठी होती: 'आजी, सकाळ-संध्याकाळ दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन फवारे मार. यंदा सर्दी होणार नाही.' ती चिठ्ठी त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि बाटली देवघरात नेऊन ठेवली. संध्याकाळी मी ती उचलून कपाटाच्या वरच्या खणात टाकली. तेव्हापासून आजी माझ्याशी तुटक बोलतात. नातवानं मायेनं पाठवलेलं औषध सुनेनं लपवलं, असं त्यांच्या मनात बसलंय. फोनवर तू 'हो आई, हो आई' करतोस आणि विषय संपतो, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

बाटलीत काय काय आहे ते तूच सांगितलंस: फिल्टरचं पाणी, मीठ, लिंबाचा रस, लसणाचं पाणी, चिमूटभर हळद आणि पुदिन्याच्या तेलाचे दोन थेंब. मीठ सोडलं तर यातलं काहीच नाकात जायला नको.

नाकाच्या आतल्या अस्तरावर डोळ्याला न दिसणारे बारीक केस असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि वरचा चिकट थर घशाकडे ढकलत राहतात. धूळ, विषाणू त्या थरात अडकतात, नकळत गिळले जातात आणि पोटातल्या आम्लात संपतात. सर्दीचे विषाणू शेकडो प्रकारचे, त्यांच्यावर एक लस निघत नाही. तिथं हे अस्तर ओलं आणि धड असणं फार मोलाचं. लिंबाच्या आम्लानं तेच होरपळतं. लसणाचं तर मी आमच्या औषधाच्या दुकानात डोळ्यांनी पाहिलंय. गुडघा दुखतो म्हणून ठेचलेला लसूण रात्रभर बांधून ठेवलेली बाई सकाळी फोड दाखवायला आली होती. गुडघ्याच्या जाड कातडीची ती गत, तर नाकाच्या आतल्या नाजूक अस्तराचं काय होईल? 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत नाकात लिंबू पिळायचा सल्ला कर्नाटकातून आपल्याकडेही आला होता, आठवतं ना? तेव्हा काउंटरवर उभी राहून माणसामाणसाला नको म्हणत होते, आणि आज तीच गोष्ट माझ्याच घरात पार्सलनं यावी, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पुदिन्याच्या तेलानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात रस्ता तेवढाच बंद असतो. वर ते तेल. नाकात तेल घालत राहिलं की ते नकळत फुप्फुसात उतरतं आणि तिथं साचून न्यूमोनियासारखा आजार होतो, हे 1925 पासून डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. आजींनी चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. तंबाखूची भुकटी त्यांच्या छातीत कधीची बसली आहे. दम्याच्या माणसाला उग्र वासानंही धाप लागते. तू हे त्यांच्या काळजीपोटी केलंस, ते मला कळतं रे.

आता पाण्याचं बोलते, कारण सगळ्यात जास्त भीती मला पाण्याची वाटते. आपल्याकडे सोलापुरात उजनी धरणाचं पाणी पिंपात आणि टाकीत साठवलेलं असतं. ते पिणं वेगळं आणि नाकात घालणं वेगळं. पाण्यात एक अमिबा असू शकतो, नेग्लेरिया नावाचा. पोटात गेला तर काही करत नाही. नाकात वर चढला तर वास कळणाऱ्या नसेच्या वाटेनं थेट मेंदूत शिरतो, आणि मग वाचणारे फार थोडे. केरळमध्ये 2024 आणि 2025 मध्ये अशा मेंदूत शिरणाऱ्या अमिबांचे रुग्ण किती सापडले ते तू बातम्यांत पाहिलं असशील. त्यातल्या काहींची गोष्ट तळ्याविहिरीतल्या अंघोळीची. पण अमेरिकेत लुइझियाना राज्यात 2011 साली दोन माणसं नेतीच्या भांड्यात नळाचं पाणी वापरून गेली. हे क्वचितच घडतं, पण ज्याच्या घरी घडतं त्याचं माणूस जातं. फिल्टरचं पाणी निर्जंतुक नसतं. नाकात जाणारं पाणी खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळायचं आणि झाकून गार करायचं. जलनेती करणारे तुझे योगवर्गातले मित्र कोमट पाण्यावर भागवत असतील तर त्यांनाही सांग.

मिठाचं प्रमाण: एक लिटरला 9 ग्रॅम. तुमच्या खोलीत वजनकाटा नसेल. औषधासोबत येतो तो 5 मिलीचा चमचा घे. अर्ध्या लिटर उकळलेल्या पाण्यात बारीक मीठ पाऊण चमचा, वरून बोटानं सपाट केलेलं. चव अश्रूंइतकी खारट लागली पाहिजे. साधं पाणी नाकात गेलं की झोंबतं ते मीठ कमी असल्यामुळेच. नुसत्या अंदाजानं चिमटी टाकू नकोस. आयोडीन नसलेलं मीठ मिळालं तर बरं. बाटली अत्तराची नको, धुतली तरी आत काहीतरी राहतंच. फवारा मारल्यावर बाटलीच्या तोंडातून हवा उलटी आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर नाकातले जंतूही. घरच्या पाण्यात ते वाढू नयेत म्हणून काही घातलेलं नसतं. त्यामुळे आज केलेलं उद्या ओतून द्यायचं, बाटली गरम पाण्यानं धुऊन कोरडी करायची, आणि एकाची बाटली दुसऱ्यानं वापरायची नाही. तुझी बाटली चार दिवस पार्सलमध्ये फिरून आली. उजेडात धरून पाहिली, तळाला लसणाचा साका बसला होता.

मीठ-पाण्याचा उपयोग होतो का? होतो, पण तू समजतोस तसा नाही. 2024 साली ब्रिटनमधल्या तेरा हजारांवर लोकांवर झालेला अभ्यास लॅन्सेटच्या श्वसनरोगांच्या मासिकात आला. लक्षण दिसताच किंवा आजारी माणसाच्या सहवासात आल्यावर दिवसातून सहा वेळापर्यंत फवारा मारायचा, असं त्यांना सांगितलं होतं. फवारा न मारणारे सहा महिन्यांत सरासरी आठ दिवस आजारी होते, मारणारे साडेसहा दिवस. साधं सलाईन, म्हणजे मीठ-पाण्याचा फवारा, आणि महागडा जेलचा फवारा यांत फरक पडला नाही, फवारा मारणाऱ्यांना अँटिबायोटिकही कमी लागलं. पण सर्दी टळली असं दिसलं नाही, लवकर आटोपली एवढंच. आणि ते सगळे तयार, बंद फवारे होते, स्वयंपाकघरात ढवळलेले नव्हते. तुझ्या चिठ्ठीतलं 'सर्दी होणार नाही' मला म्हणून टोचलं. आजी त्यावर विश्वास ठेवून खोकणाऱ्यांच्या घोळक्यात जाऊन बसतील.

अजून एक. नाक चोंदलं की बंद नाक उघडणारे थेंब आणशील. ते तीन दिवस ठीक, पाचच्या पुढे नको. तुझे बाबा सूतगोदामात होते तेव्हा नाकात पिंज जाऊन सतत चोंदायचं. त्यांनी ते थेंब आठ महिने वापरले, आणि मी फार्मसिस्ट असून आणून देत राहिले. शेवटी थेंब टाकला नाही तर रात्रभर तोंडानं श्वास घेत बसून राहायचे. सोडताना दोन आठवडे झोप नव्हती, त्यांना आणि मलाही. ते थेंबच नाक सुजवून ठेवत होते. नाकात जाणारी कोणतीही गोष्ट मी इतक्या बारकाईनं बघते, त्यामागे ते आठ महिने आहेत.

संक्रांतीला येशील ना? काका यंदाही सिद्धेश्वराच्या यात्रेत बाराबंदीचा पोशाख घालून नंदीध्वजाची उंच काठी पेलणार आहेत. तू त्यांच्याबरोबर दिवसभर गर्दीत फिरशील, होम मैदानावरची धूळ आणि दारूकामाचा धूर घेशील. मागच्या दोन्ही वर्षी तू गड्ड्याच्या जत्रेहून सर्दी घेऊन आलास आणि तिसऱ्या दिवशी आजी आजारी पडल्या. तेव्हा यंदा घरी आल्या आल्या आधी हात साबणानं धू, मीठ-पाण्याचा फवारा मार, कपडे बदल, आणि मग त्यांच्या खोलीत जा. पुण्याहून निघतानाच शिंकत असलास तर मला आधी सांग, माडीवर गादी घालते. फ्लूची लस त्यांना दिली आहे, तूही घेऊन ये. लसणाच्या पाण्याला घालवलेल्या वेळात ती झाली असती.

आजींसाठी मी दुकानातून सलाईनची बंद बाटली आणली आहे, त्यांच्या छातीला घरचा प्रयोग नको. पण ती उशाशी तशीच पडून आहे. त्यांना तुझीच हवी. उद्या रात्री फोन कर आणि तू स्वतः त्यांना सांग की आईनं आणलेली वापर, माझी चुकली होती. चिठ्ठी मात्र तशीच राहू दे, ती त्यांनी हळदी-कुंकवाच्या डबीत जपून ठेवली आहे.

निळी बाटली रिकामी करून धुऊन ठेवली आहे.

तुझी,
आई