चाकावरची सीट नको

फ्रीमाँट, १७ ऑगस्ट

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "अगं, सीट कुठली का असेना, टेकायला मिळालं म्हणजे झालं." हे कोण म्हणतंय? सांगली स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत उभा जन्म काढलेला माणूस! रातराणीचं तिकीट फाडण्याआधी बाहेरच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून "पाठीचा त्रास आहे का?" असं विचारणारा. एखाद्या म्हातारीला चाकावरची सीट जाऊ नये म्हणून चार्टवर बोट फिरवत बसणारा. मागे रांग बोंबलायची आणि तुम्ही ढिम्म. आईला तर तुम्ही कायम दोन चाकांच्या मधलीच सीट दिलीत. तरी खंबाटकीत तिला एक लिंबू पुरायचं नाही, ते सोडा.

तर बाबा, आता खिडकीच्या आत मी आहे आणि बाहेर तुम्ही. पाठीचा त्रास आहे का?

इकडे यायची तुमची विमानाची तिकिटं मी बिझनेस क्लासची काढतेय, तर आधी पैशाचं संपवून टाकते. आई म्हणाली, "एवढ्यात गच्चीवर एक खोली झाली असती." झाली असती. पण थोडे कार्डावरचे पॉइंट्स आहेत, थोडे माझे साठवलेले आहेत, आणि आकडा मी सांगणार नाही. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा विमानतळावर आईच्या पायात तिची चप्पल जात नव्हती, आठवतंय? तीन सीटच्या मधोमध बसून आली होती. शेजारच्या परक्या माणसाला सारखं उठवायला नको म्हणून तिने वाटेत पाणीच प्यायलं नव्हतं. मोज्याच्या कडेचे वळ दोन दिवस गेले नाहीत. गच्चीवरची खोली पुढच्या वर्षी बांधू.

बिझनेस क्लास घेतला म्हणजे काम झालं असं मलाही वाटायचं. ऑफिसच्या खर्चाने पहिल्यांदा गेले तेव्हा नकाशावर दिसली ती पहिली मोकळी सीट दाबली. शेवटची रांग निघाली. पाठीमागेच विमानाचं स्वयंपाकघर. रात्रभर पडदा सर्रकन सरकतोय, ट्रॉलीचे ब्रेक खटाखट लागतायत, उजेडाची तिरीप नेमकी डोळ्यांवर. त्यात पायांचा कोनाडा. हे तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण नकाशात तो दिसत नाही. सीट सपाट झाली की पावलं जातात समोरच्या सीटशेजारच्या टेबलाखाली, एका खोबणीत. काही विमानांत ती खोबण इतकी चिंचोळी असते की उताणं झोपलात तर अंगठे छताला टेकतात, आणि कुशीवर वळायचं तर आधी पाय बाहेर काढायचे, वळायचं, मग परत आत घालायचे. आई, तू रात्रीत किती वेळा कूस बदलतेस ते मला माहीत आहे, तुझ्या बांगड्यांवरून. म्हणून मी सीटच्या रुंदीपेक्षा कोनाड्याचे फोटो जास्त पाहिले. अगदी पहिल्या रांगेत तो बऱ्याचदा ऐसपैस असतो, पण तिथेच भिंतीला बाळांचे पाळणे लावतात. नातीचं रडणं तुम्हाला इथे आल्यावर पोटभर ऐकायला मिळेलच.

बाबा, एक गंमत. एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली ती १ जून १९४८ ला, हे आम्ही लहानपणी तुमच्याकडून दर वर्धापनदिनाला ऐकलंय. त्यानंतर बरोबर आठवड्याने, ८ जूनला, एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. म्हणजे दोन्ही एकाच पावसाळ्याच्या तोंडावर जन्मल्या. बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवं होता येईल अशी सीट यायला मात्र २००० साल उजाडलं. ती ब्रिटिश एअरवेजने आणली, आणि तिची रचना ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल. एका सीटचं तोंड पुढे, शेजारचीचं मागे. मधला पडदा वर होईपर्यंत परक्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बसायचं, आणि खिडकीवाल्याला रात्री उठायचं असेल तर शेजाऱ्याच्या पसरलेल्या पायांवरून ढांग टाकायची! २०१९ पासून त्यांनी दारवाल्या, एकाच दिशेला तोंड असलेल्या सीट आणल्या. पण शिकण्यासारखं हे की पलंग सपाट आहे का, एवढंच विचारून भागत नाही. पलंगावरून उतरायचं कुठून, हेही विचारायचं.

माझं मन आधी दोहामार्गे जायचं होतं. कतारच्या क्यूसूटचं एवढं ऐकलं होतं. २०१७ मध्ये आलेली ही सीट, प्रत्येकाला सरकतं दार, आणि मधल्या 'ई' आणि 'एफ' या दोन सीटमधली भिंत खाली केली की चक्क डबल बेड. मी जवळजवळ बटण दाबलंच होतं. मग लक्षात आलं की या डबल बेडच्या सीटची तोंडं विमानाच्या शेपटीकडे असतात. आई रेल्वेत उलट्या दिशेला तोंड करून मिरजेहून कोल्हापूरपर्यंतसुद्धा बसत नाही. तिला सोळा तास उलटं बसवून कोण नेणार? नको. दिसायला कितीही देखणी असली तरी आईसाठी ती चाकावरचीच सीट.

शेवटी दुबईमार्गे ठरवलं. मुंबई-दुबई तीन तास आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को साधारण सोळा. दुसऱ्या टप्प्याला एमिरेट्सचं ए-३८० आहे, ते दुमजली. बिझनेस क्लास वरच्या मजल्यावर. बाबा, तुम्ही मुंबईत बेस्टच्या डबल डेकरला वरती पुढची सीट धरायला धावायचात, तसं धावू नका, सीट नक्की आहे. हे विमान आतून फार शांत असतं. पार मागच्या टोकाला एक छोटा बार आहे, तिथे लोक उभ्याने गप्पा मारत बसतात, म्हणून मागच्या रांगा मी सोडून दिल्या. पुढची रांग पाळण्यांमुळे नको. मधली घेतली, पंखांच्या आसपासची, कारण विमान हलायला लागलं की तिथे सगळ्यात कमी जाणवतं. दोन चाकांच्या मधली, तुमच्याच हिशेबाने.

आता अक्षरं. डावीकडची खिडकी 'ए', उजवीकडची 'के'. मध्ये 'आय' नसतं, कारण ते एकासारखं दिसतं आणि गोंधळ होतो. एका रांगेत चारच माणसं: एक, वाट, दोन, वाट, एक. पण रांगा एकाआड एक वेगळ्या. एका रांगेत मधल्या दोन सीट एकमेकींना खेटून असतात आणि टेबलं बाहेर वाटेकडे. त्या 'ई' आणि 'एफ'. पुढच्या रांगेत मधल्या दोन सीट वाटेला चिकटून आणि टेबलं दोघांच्या मधे. त्या 'डी' आणि 'जी'. नकाशात सगळे चौकोन सारखेच दिसतात. न बघता 'डी-जी' घेतली की नवराबायको सोळा तास टेबलांच्या दोन्ही तीरांवर. 'ई-एफ'ला लोक हनिमून सीट म्हणतात. आई, लाजू नकोस.

मी तुमच्यासाठी 'ई' आणि 'एफ' धरून ठेवल्या आहेत. 'ई' बाबांना, 'एफ' आईला, आणि याची अदलाबदल कृपा करून करू नका. बाबांना डाव्या कानाने कमी येतं, तर आई त्यांच्या उजवीकडे हवी. 'एफ' उजवीकडे आहे. घरच्या पलंगावरही आई उजव्या अंगाला झोपते आणि उजवीकडे पाय सोडून उतरते, बाबा डावीकडून. विमानात 'एफ'ची वाट उजवीकडे, 'ई'ची डावीकडे. म्हणजे आपल्या मागच्या खोलीतला पलंगच उचलून विमानात ठेवलाय असं समजा. रात्री अर्धवट झोपेत उठताना शरीर आपल्या सवयीनेच वळतं. आईच्या नव्या बसवलेल्या गुडघ्याला नवी बाजू शिकवायची वेळ ती नव्हे.

खिडकी नाही म्हणून बाबा कुरकुरणार. म्हणून मुंबई-दुबईला तुम्हाला 'ए' दिली आहे. त्या टप्प्याला बोइंग ७७७ विमान आहे, आणि त्यांच्या जुन्या मांडणीच्या ७७७ मध्ये बिझनेस क्लासलाही दोन-तीन-दोन अशा सीट असतात. म्हणजे तिथेही कुणीतरी मधोमध अडकतंच. तुम्हाला डावीकडची जोडी आहे, बाबा खिडकीशी, आई वाटेकडे, परत त्यांच्या उजव्या कानाशी. बाबांना उठायचं झालं तर आईला उठावं लागेल, पण तीन तासांचा तर प्रश्न. स्वारगेटला पोचायला याहून जास्त वेळ लागतो.

आता एकच अडचण राहिली आहे आणि तिच्यासाठीच हे एवढं लांबण लावलं. 'ई-एफ'ला टेबल वाटेकडे असतं, त्यामुळे थेट बाजूला पाय सोडून उतरता येत नाही. पलंग सपाट असताना आधी थोडं पायथ्याकडे सरकायचं, मग टेबलाच्या पुढच्या फटीतून तिरकं होऊन बाहेर यायचं. मी मागच्या वर्षी याच विमानात होते. मला काही वाटलं नाही, पण माझे गुडघे माझेच आहेत. पुढच्या रांगेत आईच्या वयाची एक बाई होती. तिने रात्री उठताना आधी सीट बटणाने पूर्ण सरळ केली, मग टेबलाच्या कडेला हात टेकला, मग उठली. दोन मिनिटं लागली, पण कुणाला हाक मारली नाही. 'डी-जी'ला हा उपद्व्याप नाही, पाय सोडला की वाट. पण तिथे वाटेतून जाणाऱ्या प्रत्येकाचा धक्का, आणि बाबांशी बोलायचं तर दोन टेबलं ओलांडून ओरडायचं.

म्हणून आई, आज रात्री एक कर. पलंगाच्या उजव्या कडेला बैठकीतला टीपॉय आडवा लाव, उशीपासून गुडघ्यापर्यंत येईल असा. पायाशी हातभर जागा मोकळी सोड. मग बसल्या बसल्या खाली सरक, त्या जागेतून पाय सोड, टीपॉयवर हात टेकून उठ. दोनदा करून बघ, एकदा दिवा बंद करून. बाबा जवळ उभे राहतील. गुडघा कळवळला तर लाज न वाटू देता सांग, 'डी-जी' अजून मोकळ्या आहेत, मी बदलून घेते.

बाकीचं भराभर सांगते. व्हीलचेअर दोघांनाही सांगितली आहे. तिचे प्रकार असतात. चालायला लांब पडतं पण जिने चढता येतात त्यांची एक, आणि जिनेही जमत नाहीत त्यांची वेगळी. आईला दुसरी मागितली आहे, कारण कधीकधी बसने विमानापर्यंत नेऊन शिडीवर चढवतात. बाबा, तुम्ही खुर्चीत बसायला नाही म्हणालात तर तुमची खुर्ची रिकामी ढकलत नेतील, ते जास्त विचित्र दिसेल. जेवण शाकाहारी, आपल्याकडचं, आधीच नोंदवलंय. ए-३८० मध्ये सीटशेजारी पाण्याच्या आणि सरबतांच्या छोट्या बाटल्या ठेवलेल्या असतात, त्या तुमच्याच आहेत, पैसे पडत नाहीत. आई, पी. यावेळी कुणालाही उठवावं लागणार नाही. झोपायच्या वेळी मुली येऊन सीटवर पातळ गादी घालून देतात, त्यांना घालू दे, आपण उठून मदत करायला लागू नकोस. आणि डॉक्टरांना पायांच्या मोज्यांबद्दल आणि अधूनमधून चालण्याबद्दल विचारून या.

बाबा, तुम्ही सीट नंबर वहीत लिहून ठेवणार, मला माहीत आहे. विमान आयत्या वेळी बदलू शकतं, आणि बदललं की सगळा चार्ट नव्याने लागतो. मी निघायच्या आधी तीन दिवस रोज बघणार आहे. गाडी डेपोतून बाहेर येईपर्यंत तुम्ही चार्टवर जे वापरायचात तेच वापरा, पेन्सिल.

तुमची,
मनू

ता. क. आई, टीपॉयवरची काच आधी काढून ठेव.