पायलटचा कोर्स म्हणून विकलेल्या पदवीबाबत तक्रार

दिनांक : ५ जानेवारी २०२६
सोलापूर

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
प्रवेश मार्गदर्शन विभाग, पुणे

विषय : 'बीएस्सी एव्हिएशन विथ सीपीएल' (पदवी आणि सोबत कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल) या पॅकेजबाबत चुकीची माहिती देऊन रक्कम घेतल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी.

महोदय,

फोन करून झाले. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका पडल्या. 'सर मीटिंगमध्ये आहेत' यापलीकडे आपल्या कार्यालयातून काही कळले नाही. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवत आहे.

जून २०२५ मध्ये आपण सोलापुरात होटगी रोडवरच्या एका हॉटेलात पालकांचा मेळावा घेतला. त्याच महिन्यात, ९ जूनला, सोलापूर-गोवा विमान सुरू झाले होते. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, तिच्या आधीही आणि नंतरही आम्ही सोलापूरकर विमानाची वाटच बघत होतो. त्यामुळे तेव्हा गावात सगळ्यांच्या माना वर होत्या आणि आपण नेमकी वेळ साधलीत. वेळ साधायला माझी हरकत नाही, मीही धंदाच करतो. हरकत आहे ती मेळाव्यात जे सांगितले त्याला.

आपल्या प्रतिनिधीचे म्हणणे असे होते : "काका, नुसत्या फ्लाइंग क्लबला टाकू नका. युनिव्हर्सिटीची डिग्री घेतली की तास कमी लागतात, तीन वर्षांत डिग्री आणि लायसन्स दोन्ही हातात, आणि प्लेसमेंट शंभर टक्के." त्यावर विश्वास ठेवून मुलीचा प्रवेश घेतला. आपल्याला दिलेली रक्कम अशी : मार्गदर्शन शुल्क ९०,००० आणि उड्डाण प्रशिक्षणाचा पहिला हप्ता ८,००,०००. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी धरून एकूण १०,५०,२०० रुपये. विद्यापीठाची सेमिस्टर फी वेगळी भरली, तिचा विषय या पत्रात काढत नाही.

पहिला मुद्दा 'तास कमी लागतात' याचा. भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी डीजीसीएला (लायसन्स देणाऱ्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, त्या १०० मध्ये २० तास क्रॉस कंट्री, म्हणजे तळापासून लांब दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे, त्यातही ३०० नॉटिकल मैलांची एक फेरी वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. शिवाय रात्रीचे ५ तास. उमेदवार बीएस्सी असो, बीए असो की नुसता बारावी, यातला एक तासही कमी होत नाही. लायसन्ससाठी पदवीची अटच नाही.

मग ही सवलत आली कुठून? मुलीने शोधून काढले. ती अमेरिकेतली आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळले, त्यानंतर २०१३ पासून तिथे एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायलाही साधारणपणे १,५०० तास लागू लागले. मान्यताप्राप्त विद्यापीठातून चार वर्षांची एव्हिएशनची पदवी आणि तिथेच उड्डाण प्रशिक्षण घेतलेल्यांना ही पात्रता १,००० तासांवर मिळते, दोन वर्षांच्या पदवीवाल्यांना १,२५० वर. म्हणजे सवलत खरी आहे, पण ती १,५०० वरून खाली येण्याची आहे, आपल्या २०० तासांशी तिचा काडीचा संबंध नाही. आपल्या स्लाइडवर पर्ड्यू, नॉर्थ डकोटा, एम्ब्री-रिडल यांचे फोटो होते. तिथल्या विद्यापीठांची स्वतःची प्रशिक्षण विमाने असतात. पर्ड्यूचा तर स्वतःचा विमानतळ आहे. अमेलिया इअरहार्टचाही फोटो आपण दाखवलात. ती १९३५ पासून पर्ड्यूत मुलींना करिअरचे मार्गदर्शन करत असे. मार्गदर्शक तसा असेल तर त्याचे शुल्क द्यायला मला आनंदच वाटेल.

आता आपण पाठवलेल्या विद्यापीठाकडे येतो. माहितीपत्रकात 'पहिल्या सेमिस्टरमध्ये ४० तास फ्लाइंग' असे छापले आहे. सेमिस्टर संपले. मुलीचे लॉगबुक माझ्यासमोर आहे. त्यात तीन नोंदी आहेत : ५५ मिनिटे, १ तास १० मिनिटे आणि ४५ मिनिटे. तिसऱ्या नोंदीपुढे इन्स्ट्रक्टरने वारा वाढल्याने लवकर परतल्याचे लिहिले आहे. एकूण २ तास ५० मिनिटे, तिन्ही ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टर सोबत असताना. आपल्या कार्यालयातून मात्र 'तुमच्या मुलीचे जवळपास २१ तास झाले आहेत' असे सांगण्यात आले. त्यातले १८ तास सिम्युलेटरवरचे आहेत. लायसन्सला इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याचे, १० तास लागतात, त्यात सिम्युलेटरचे जास्तीत जास्त ५ धरतात. उरलेले तास मुलीच्या सरावाला उपयोगी पडतीलही, पण लॉगबुकातल्या उड्डाणाच्या रकान्यात ते चढत नाहीत.

तास का होत नाहीत, हे पाहायला मी दिवाळीनंतर स्वतः तिथे गेलो. हँगरमध्ये दोन सेसना १७२ होती. एकाचे इंजिन काढून स्टँडवर ठेवलेले, त्यावर जुना टॉवेल झाकलेला. टॉवेल सोलापुरी होता, तेवढाच काय तो अभिमान वाटला. माहितीपत्रकात मात्र 'अत्याधुनिक विमानांचा ताफा' आहे. बॅच किती मुलांची, असे विचारल्यावर ६० असे कळले.

याचा हिशेब कारखान्यात बसून पाच मिनिटांत होतो. ६० मुले गुणिले २०० तास म्हणजे १२,००० तास. दोन्ही विमाने चालू धरा. पावसाळा, धुके, दर ५० आणि १०० तासांनी येणारी तपासणी हे सगळे वजा करून एक विमान वर्षातले २०० दिवस रोज ४ तास उडाले, तर दोघांचे मिळून वर्षाला १,६०० तास होतात. म्हणजे एका बॅचलाच साडेसात वर्षे लागणार, आणि पुढच्या जुलैत दुसरी बॅच येऊन उभी राहणार. त्यात नियम असा, की लायसन्सच्या अर्जासाठी धरायचे २०० तास अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतले असावे लागतात. म्हणजे शेवटच्या मुलाचे २०० भरेपर्यंत त्याचे पहिले तास बाद झालेले असतील. ज्या कंपनीने शेकडो मुलांना मार्गदर्शन केल्याचे लिहिले आहे, तिने हा गुणाकार कधी केलाच नाही, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही.

दुसरी गोष्ट जीएसटीची, आणि ती मला जास्त खटकते. डीजीसीएने मान्यता दिलेल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना जीएसटी लागत नाही, हे सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या ५४ व्या बैठकीत स्पष्ट झाले. आपण उड्डाण प्रशिक्षणाच्या ८ लाखांवर १,४४,००० रुपये जीएसटी घेतलात. प्रशिक्षण देणारी संस्था आणि तिचा कोर्स मान्यताप्राप्त असेल तर हा कर कशाचा? आणि मान्यताप्राप्त नसेल तर तिथे उडालेले तास डीजीसीए मोजणार कसे? या प्रश्नाचे लेखी उत्तर द्यावे. डीजीसीएच्या संकेतस्थळावरची यादी मी पाहिली. आपल्या 'फ्लाइंग पार्टनर'चे नाव त्यात आहे, पण त्याचा तळ दुसऱ्या राज्यातला आहे. विद्यापीठाशेजारच्या ज्या धावपट्टीवर माझी मुलगी उडाली, तिचा उल्लेख मला दिसला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांना श्रेणीही देऊ लागली आहे. 'टॉप रँक' असे लिहिण्याआधी आपल्या पार्टनरची श्रेणी आपण पाहिली का, तेही कळवा.

माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. खरेदीदाराला ५०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) सांगून ४२० चा माल भरला तर कंटेनर परत येतो, पॅकिंग कितीही देखणे असो. आपण विकलेल्या पॅकेजमध्ये पदवी हे पॅकिंग आहे, माल म्हणजे ते २०० तास.

पदवी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. उद्या मेडिकलमध्ये काही निघाले तर हातात काहीतरी राहते, विमानतळावरच्या दुसऱ्या नोकऱ्यांना ती चालते. पण ही बाजू तशी सांगायला हवी होती. सेमिस्टरमध्ये मुलीला एअरपोर्ट मॅनेजमेंट आणि बिझनेस कम्युनिकेशन शिकवले. डीजीसीए परीक्षा घेते ती नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकलची, प्रत्येकात ७० टक्के लागतात, आणि विद्यापीठाचे गुण तिथे विचारात घेत नाहीत. त्या परीक्षेला बसायला आधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे डीजीसीएकडचा उमेदवाराचा क्रमांक, काढावा लागतो, हेसुद्धा आपल्याकडून कोणी सांगितले नाही. मुलीने स्वतः दहावी-बारावीची कागदपत्रे भरून तो काढला. आता दिवसा कॉलेज आणि रात्री होस्टेलवर हा अभ्यास चालू आहे.

मेडिकलचेही तसेच. आपल्या प्रवेशाच्या चेकलिस्टमध्ये पासपोर्ट फोटो आहेत, टी-शर्टचा साइझ आहे, क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलट होण्यासाठीची पहिली वैद्यकीय तपासणी, नाही. माझे मेव्हणे हवाई दलातून निवृत्त झालेले आहेत. 'पैसे भरायच्या आधी डोळे, कान, हृदय तपासून घ्या,' असे त्यांनी बजावले म्हणून आम्ही ते आधीच उरकले. मुलीच्या बॅचमधल्या एका मुलाला रंग ओळखण्यात अडचण आहे, हे सगळी फी भरल्यानंतर कळले. त्याच्या वडिलांना आपण काय उत्तर दिलेत, ते मला माहीत आहे. ते इथे लिहीत नाही, कारण ते मांडायचा हक्क त्यांचा आहे.

प्लेसमेंटबद्दल थोडेच. माहितीपत्रकावर विमान कंपन्यांचे लोगो आहेत. त्यातल्या एकाही कंपनीशी झालेला करार दाखवा असे मी विचारले, तेव्हा 'टाय-अप प्रोसेसमध्ये आहे' असे उत्तर मिळाले. सीपीएलनंतर मल्टी-इंजिन रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचे विमान चालवण्याची परवानगी), मग एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ वगैरे विमानाचे टाईप रेटिंग (त्या ठराविक विमानाची परवानगी), तेही लाखांत, आणि मग एअरलाइनची निवड परीक्षा. हा सगळा रस्ता 'शंभर टक्के' या दोन शब्दांत बसत नाही. इंडिगो, एअर इंडिया यांचे पायलट घडवण्याचे स्वतःचे कॅडेट कार्यक्रम आहेत, आपल्या महाराष्ट्रात गोंदियाला, बारामतीला प्रशिक्षण संस्था आहेत, रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारची अकादमी आहे. मेळाव्यात यातल्या एकाचेही नाव निघाले नाही. मार्गदर्शन शुल्क घेणाऱ्याने निदान पर्याय तरी समोर ठेवायचे असतात.

शेवटचा मुद्दा फलकाचा. सात रस्त्यावर आपण डिजिटल फलक लावला आहे. त्यावर माझ्या मुलीचा फोटो आणि 'सोलापूरची लेक आता पायलट' अशी ओळ आहे. खांद्यावर चार पट्ट्या आहेत. चार पट्ट्या कॅप्टनच्या असतात. तो पांढरा शर्ट ओरिएंटेशनच्या दिवशी सगळ्या मुलांना आळीपाळीने घालायला दिला होता. तिचा अजून सोलोसुद्धा, म्हणजे एकटीने केलेले पहिले उड्डाणही, झालेला नाही. ओळखीचे लोक पेढे मागतात आणि सुट्टीत घरी आलेली मुलगी त्या चौकातून जायचे टाळते. फोटो वापरायला आम्ही परवानगी दिलेली नाही. कोचिंग क्षेत्रातील फसव्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना आपण वाचाव्यात. नोकरीच्या हमीचे दावे करू नयेत आणि विद्यार्थ्याचा फोटो लेखी संमतीशिवाय वापरू नये, तीही यश मिळाल्यावरच घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. आपला व्यवसाय मार्गदर्शनाचाच आहे.

माझ्या मागण्या : मार्गदर्शन शुल्क आणि त्यावरचा कर मिळून १,०६,२०० रुपये पूर्ण परत करावेत. उड्डाण प्रशिक्षणाच्या हप्त्यातून लॉगबुकातल्या २ तास ५० मिनिटांचे पैसे माहितीपत्रकातल्या ताशी दराने कापून बाकी रक्कम परत करावी. त्या हप्त्यावरचे १,४४,००० रुपये परत करावेत, किंवा ते कोणत्या आधारावर घेतले ते जीएसटी क्रमांकासह लेखी कळवावे. मुलीची मूळ प्रमाणपत्रे आपल्याकडे 'पडताळणीसाठी' ठेवली आहेत, तीही परत हवीत. 'पुढच्या वर्षाच्या फीत ॲडजस्ट करू' हा प्रस्ताव फोनवर आला होता. तो मला मान्य नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्तता झाली नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. आपल्या पावतीवर 'पुणे न्यायक्षेत्र' छापलेले आहे, परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरातच, मला तक्रार करता येते. फलकासाठी मात्र १५ दिवस देत नाही. तो या आठवड्यात उतरवून तसा फोटो मला पाठवावा.

कळावे,

आपला,
विद्यार्थिनीचे वडील
जुळे सोलापूर

सोबत : पैसे भरल्याच्या पावत्या, माहितीपत्रक, लॉगबुकच्या पानाची प्रत आणि सात रस्त्यावरील फलकाचे छायाचित्र.