ताडपत्रीवाल्या दादांनो, आभार

वर्सोव्यातल्या आमच्या घराचं काम चालू होतं. समुद्राकडची खिडकी काढलेली, ठेकेदार फोन उचलेना, आणि जूनमधल्या त्या रात्री पाऊस आडवा घरात. आईचा पलंग भिजायला लागला. तेवढ्यात गल्लीतले दोन कोळी दादा होडीवरची ताडपत्री घेऊन आले. नायलॉनच्या दोरीने अशी आवळली की सकाळपर्यंत हलली नाही.

जाताना एकाने नव्या बिजागरीवरचा गंज नखाने खरवडला. "ताई, खाऱ्या वाऱ्यात ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील डागाळतं, ३१६ चं घ्या." (हे ठेकेदाराने सांगायला नको?) पैसे घेतले नाहीत, चहाही उभ्यानेच प्यायले. गडबडीत नावं विचारायची राहिली.

दादा, ताडपत्री धुऊन, वाळवून ठेवली आहे. न्यायला या, आणि या वेळी बसून चहा घ्या.