मोठ्या कादंबऱ्या आणि एका वाचकाचं खरं मत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत 'वाचायलाच हव्यात' अशा कादंबऱ्यांची यादी अधूनमधून येते, तीच तीच नावं असतात आणि प्रत्येकीपुढे अजरामर नाहीतर कालातीत असं लिहिलेलं असतं, पण वाचताना खरंच काय वाटलं ते कुणी सांगतच नाही. त्यातल्या बऱ्याचशा मी वाचल्यात, तर मला वाटलं ते स्पष्टच लिहिते.

'स्वामी' घ्या. माधवराव पेशवे डोळ्यापुढे उभे राहतात, राघोबादादांचा त्रास, डोक्यावरचं कर्ज, त्यात ते आजारपण, सगळं मनाला भिडतं. पण शेवटी थेऊरला रमाबाई सती जातात तो भाग मला आजही सहन होत नाही. १७७२ साली ते घडलंय, इतिहास बदला असं मी म्हणत नाहीये, पण एक तरुण बाई जिवंत जळतेय आणि ते इतकं मंगल करून लिहिलंय की वाचणाऱ्याने हात जोडावेत. माझ्या आईचे ते पान वाचताना डोळे भरून यायचे, मला मात्र राग येतो.

'ययाति'चंही तसंच. खांडेकरांना पुढे ज्ञानपीठ मिळालं, त्याचा आनंद आहेच. ययाति स्वतःच्या वासनेची कबुली पानंच्या पानं देतो आणि आपण त्याला समजून घेत जातो, शर्मिष्ठेबद्दल तर माया वाटतेच, पण देवयानीचं काय? कच तिला नाकारून गेला, नवऱ्याने फसवलं, तरी गर्विष्ठ ठरली तीच! तिलाही बोलायला प्रकरणं दिलीत, पण तिची बाजू लेखकालाच पटलेली नाही असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

'मृत्युंजय' बद्दल लिहिलं की लोक चिडतात, माहितीये. कर्णावरचा अन्याय पोटात कालवतो हे खरं, पण उपमांवर उपमा, उपमांवर उपमा, मी सरळ पानं उलटत गेले. त्यापेक्षा कुंती बोलायला लागते तिथे जास्त जीव गुंतला.

'कोसला' मध्ये पांडुरंगचे होस्टेलचे दिवस मला लांबलेले वाटले. पण लहान बहीण मनी देवीच्या रोगाने जाते आणि तो जो आक्रोश करतो, ती पानं वाचून मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. मराठीत मरणावर इतकं खरं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. 'बनगरवाडी' छोटीशी, पण त्यात एक बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा देते, ते माडगूळकरांनी कसलाही गाजावाजा न करता सांगितलंय, म्हणूनच ते विसरता येत नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. उद्धव शेळक्यांची 'धग' या याद्यांमध्ये का नसते? १९६० ची कादंबरी, वऱ्हाडातली, बोलणंही तिथलंच. कौतिकचा नवरा महादेव काही करत नाही, पुढे त्याला महारोग होतो, आणि ही बाई राबते, भांडते, पोराने शिकावं म्हणून धडपडते, घर उभं राहील राहील म्हणता म्हणता हातातून निसटतं. तिला देवी केलेलं नाही की बिचारी केलेलं नाही. ती चिडते, टाकून बोलते, परत कामाला लागते. माझ्या माहेरी, आमच्या गल्लीत अशा बायका होत्या, त्या मला पुस्तकात पहिल्यांदा इथे भेटल्या. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' पण अशीच, मराठवाड्यातल्या शिंप्याच्या घराची वाताहत, आणि सगळं त्याच्या बायकोच्या, पार्वतीच्या तोंडून. एका बैठकीत वाचली, जेवणाचं भान राहिलं नाही.

या दोन्हींवर पुरवणीत पानभर लिहून आणा ही मनापासून विनंती. आणि ज्यांना 'स्वामी'चा शेवट माझ्यासारखा खुपत नाही त्यांनीही जरूर लिहावं, का खुपत नाही ते मला खरंच वाचायचंय.

आपली,
एक वाचक, परभणी