डोळ्यांजवळची सुई पार्लरमध्ये नको

महोदय,

‘ऑपरेशनशिवाय सुरकुत्या घालवा’ असे फलक हल्ली कॉलेज रोड, गंगापूर रोडला दिसतात. माझ्या धाकट्या जावेला एका पार्लरमध्ये डोळ्यांखालचे खड्डे भरायला फिलरचे इंजेक्शन सुचवले. टोचणारी बाई डॉक्टर नव्हती. जाऊ तिथून उठून आली, नशीब!

डोळ्यांभोवतीची त्वचा अतिशय पातळ. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले तर दृष्टी कायमची जाऊ शकते. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचे फिलर विरघळवणारे हायलुरोनिडेज हे औषध हाताशी आहे का, असे जावेने विचारले होते. त्या बाईंना ते नावही माहीत नव्हते. बोटॉक्स स्नायू सैल करून हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या रेषा कमी करते, पण परिणाम ३-४ महिनेच टिकतो आणि चुकीच्या जागी गेले तर पापणी ओघळते. हे त्वचारोगतज्ज्ञाचेच काम.

महापालिकेच्या आरोग्य विभागाने अशी पार्लर तपासावीत. आणि भगिनींनो, उन्हाने पडणाऱ्या सुरकुत्या टाळायला आधी सनस्क्रीन आणि गॉगल वापरा. द्राक्षबागेत दिवसभर उन्हात राबणाऱ्या आपल्या बायकांना तर त्याची सर्वांत जास्त गरज आहे, आणि त्यांना हे कोणी सांगतच नाही.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक